राज्यकेकसाठी साक्ष

व्हर्नन स्टकीने पिकअप चौथ्यांदा अक्रोडांवरून मागे घेतली. काळ्या अक्रोडाचं टरफल हाताने निघत नाही; गावात सगळेच ते गाडीखाली चिरडतात. स्टकींच्या घरी मात्र हे काम त्याच्या बायकोचं, लोरेनाचं. हे पोतं तिनेच ऑक्टोबरात गोळा करून ठेवलं होतं, आणि त्याच आठवड्यात ती गेली. आता मार्च होता. टरफलं आतल्या आत कुजून काळी झाली होती आणि व्हर्ननचे हात मनगटापर्यंत तसेच.

राज्याला राज्यपक्षी होता, राज्यफूल होतं, राज्यकीटकसुद्धा होता. केक तेवढा नव्हता. लोरेना चौथीला शिकवायची. काळ्या अक्रोडाचा केक हाच राज्यकेक व्हावा म्हणून तिच्या वर्गाने नऊ वर्षं आमदारांना पत्रं लिहिली. विधेयक शेवटी समितीपुढे आलं, ते ती गेल्यावर. शाळेत इतकी वर्षं तिच्या शेजारच्या वर्गावर असलेली आणि आता तिच्या जागी आलेली डेलिया क्रेमर व्हर्ननला भेटायला आली.

"काका, तुम्ही समितीपुढे येऊन फक्त दोन वाक्यं बोला. हा केक आमच्या घरी चाळीस वर्षं होतो. आम्हाला फार आवडतो. आणि एक केक करून आणा."

"करून? मी?"

"बाईंच्या हातचं कृतीचं कार्ड असेल ना."

कार्ड होतं. पण सोड्यापुढे लोरेनाने 'अंदाजाने' असं लिहिलं होतं, आणि व्हर्ननचा जन्म शाळेची बस चालवण्यात गेलेला. केक फुगला, ओव्हनच्या छताला टेकला आणि मग मधोमध बसला. दुसरा करायला अक्रोड उरले नव्हते. खड्डा साखरेच्या लेपाने बुजवून व्हर्नन मुलांबरोबर बसने राजधानीला निघाला.

विधानभवनाच्या दारात पहारेकऱ्याने त्याचे हात पाहिले.

"हे काय लागलंय?"

"अक्रोड."

"धुवायचे तरी."

"सहा वेळा धुतले."

समितीत सात जण होते. केकचे तुकडे वाटले गेले. तिसऱ्याच घासाला एका वयस्क आमदारबाईंच्या दाताखाली टरफल आलं आणि दाढेतलं चांदीचं भरण निघालं. तोंडाला रुमाल लावून त्या दंतवैद्याकडे गेल्या. उरले सहा, आणि त्यांतले तिघे दक्षिणेकडचे, पेकनच्या, म्हणजे अक्रोडाच्याच भावकीतल्या गोडसर फळाच्या, बागायतदारांच्या मतांवर निवडून आलेले. मतं समान पडली की विधेयक पडणार, हे डेलियाने बोटांवर मोजलं आणि तिचा चेहरा उतरला.

पेकनवाल्यांचे म्होरके होबार्ट टल यांनी आपला तुकडा बशीच्या कडेला सारला. "स्टकीसाहेब, तुम्ही शपथ घेतलीय."

"हो."

"मग खरं सांगा. तुम्हाला स्वतःला हा केक आवडतो?"

मागे बावीस मुलं श्वास रोखून बसली होती. व्हर्ननने याआधी कधी शपथ घेतली नव्हती, त्यामुळे ती किती पाळायची असते याचा त्याला अंदाज नव्हता.

"नाही," तो म्हणाला.

कुणाची तरी पेन्सिल खाली पडली.

"कडू लागतो," व्हर्ननने पुढे सांगितलं. "कधीच आवडला नाही."

"मग चाळीस वर्षं खाल्लात कशाला?"

"ती समोर बसायची, हनुवटीला हात लावून. मी पहिला घास घेईपर्यंत बघत राहायची." तो थांबला. "आता एकदाच नको म्हणायचं, तर ती ऐकायला नाही."

टल यांनी बशी पुन्हा जवळ ओढली. "आमच्या घरी पेकनचं तेच आहे," ते पुटपुटले. माईक चालू होता. त्यांच्या शेजाऱ्याने खाली मान घालून हसू दाबलं.

विधेयक चार विरुद्ध दोन मतांनी मंजूर झालं. चौथं मत टल यांचं.

परतीच्या बसमध्ये मुलं गात होती. डेलिया व्हर्ननशेजारी येऊन बसली. दोनदा बोलायला तोंड उघडून तिने मिटलं.

"बोल की," व्हर्नन म्हणाला.

"सांगू की नको, तेच कळत नाही. बाईंनासुद्धा तो आवडायचा नाही, काका."

"काय सांगतेस."

"घशाखाली उतरत नाही म्हणायच्या. पण आमचा व्हर्नन इतक्या चवीने खातो, की करावाच लागतो. राज्यकेकचं पण तुमच्यासाठीच काढलं त्यांनी. तुमच्या आवडीचं काहीतरी कायद्यात यावं म्हणून."

व्हर्नन काळ्या पडलेल्या बोटांकडे पाहत राहिला. बसने दोन गावं मागे टाकली.

"मग तिला काय आवडायचं?" त्याने विचारलं.

"लिंबाचा. दुकानातला, प्लास्टिकच्या डब्यातला मिळतो ना, तो. शुक्रवारी मधल्या सुट्टीत आम्ही दोघी अर्धा अर्धा खायचो."

"डबा कुठे टाकायची?"

"शाळेतच. घरी कळू नये म्हणून."

व्हर्ननने तोंड खिडकीकडे वळवलं. त्याचे खांदे हलत होते. हसतोय की काय ते डेलियाला कळेना.

"मी पेट्रोल पंपावर खायचो," थोड्या वेळाने तो म्हणाला. "तोच. लिंबाचा."