साहेबांची पँट आणि फड्या निवडुंग

मास्तरांच्या घरातली झाडं मरत ती दुर्लक्षामुळे नव्हे, मास्तरांच्या प्रेमामुळे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड आणि मधल्या दारात बायको, जिचं दोन्हीकडे सारखंच लक्ष असे. मास्तरांना रिकाम्या हाताने बसता येत नसे. मशीन थांबलं की ते उठत, तांब्या भरत आणि खिडकीतल्या कुंड्यांमध्ये ओतत. गिऱ्हाईक गेलं की एक तांब्या, दुसरं यायच्या आत आणखी एक. गुलाब कुजला, पुदिना सडला, आणि मनीप्लँट, जो म्हणे बाटलीतल्या पाण्यातही जगतो, त्यानंही मास्तरांपुढे हात टेकले.

पुदिन्याची कुंडी रिकामी करताना बायको सहज बोलून गेली, "तुमच्या हातून निवडुंगसुद्धा जगायचा नाही."

हे मास्तरांच्या फार मनाला लागलं. कारण बोलून चालून ते अभिमानी माणूस. आपल्या दुकानातून गेलेला कपडा आजवर परत आलेला नाही, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला माप घेताना एकदा आणि पैसे घेताना एकदा सांगत. अशा माणसाला एका झाडानं खाली बघायला लावावं हे त्यांना सहन होईना. त्याच दिवशी ते उठले आणि साडूच्या घरी गेले.

साडूच्या परसात फड्या निवडुंगाचं कुंपणच्या कुंपण माजलं होतं. साडू काहीही दिलं तरी त्याच्याबरोबर उपदेश देणाऱ्यांपैकी. त्यानं सुरीनं तीन जाडजूड फडे कापले आणि सांगितलं की कापलेल्या जागेला खपली धरेपर्यंत ते सावलीत, वाऱ्यावर वाळवायचे. आठवडाभर तरी. ओल्या जखमेनं मातीत खोचले तर कुजतील. मग रेताड मातीत उभे करायचे आणि मुळं धरेपर्यंत पाण्याचा थेंब दाखवायचा नाही.

"पण मी करायचं काय?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे लांब राहायचं. हात लावायचा नाही. हेच तुम्हाला जमायचं नाही, साडूभाऊ."

यानंतर साडू बारीक काट्यांविषयीही काहीतरी बोलत होता. पण मास्तर तेव्हा फडे गुंडाळायला जुना पेपर शोधत होते.

घरी आल्यावर जागेचा प्रश्न निघाला. स्वयंपाकघरात बायकोनं साफ नाही म्हटलं. खिडकीत वरच्या मजल्यावरच्या धुण्याचं पाणी ठिबकत होतं. सावली आणि वारा दोन्ही असलेली जागा घरात एकच होती, दुकानातलं पंख्याखालचं कापायचं टेबल. मास्तरांनी त्याच्या कोपऱ्यात पेपर पसरला आणि तिन्ही फडे ओळीनं निजवले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला साहेबांची पँट बेतून पडली होती.

हे साहेब कोपऱ्यावरच्या विमा कचेरीचे मुख्य. त्यांना बढती मिळाली होती, मोठ्या कचेरीत जायचं होतं, आणि शनिवारच्या निरोप समारंभासाठी त्यांनी गडद निळ्या लोकरी कापडाची पँट शिवायला टाकली होती. साहेबांविषयी कचेरीत दोन गोष्टी प्रसिद्ध होत्या. एक, समोर कुणीही येऊन उभं राहिलं तरी ते फायलीतून मान वर करत नसत. दुसरी, त्यांचं भाषण. ते सुरू व्हायच्या आधी अनुभवी माणसं घरी फोन करून जेवून घ्यायला सांगत. समारंभाची तयारी सगळे मोठ्या उत्साहानं करत होते, कारण साहेब खरोखरच जाणार होते.

पहिल्या दिवशी मास्तर फड्यांकडे नुसते बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांना वाटलं, हे लांब काटे कापडाला अडकतील. तेव्हा धागे उपसायच्या चिमट्यानं त्यांनी एकेक काटा काढला. आता फडे बघवतील असे झाले, पण काट्यांच्या जागी तपकिरी लव राहिली. जिकडे तिकडे बारीक बारीक झुबके. ज्याचा जन्म कापडात गेला त्याला असलं काही दिसलं की हात शिवशिवतात. मास्तरांनी खुंटीवरचा लाकडी मुठीचा कपड्याचा ब्रश काढला आणि तिन्ही फडे पेपरात धरून उलटसुलट असे घासले की अगदी गुळगुळीत झाले. त्यांना फार बरं वाटलं.

ती लव नव्हती. फड्या निवडुंगाचे खरे काटे तेच. केसाहून बारीक, टोकाला आकडा असलेले, हात लागायचा अवकाश की सुटणारे आणि एकदा शिरले की न सुटणारे. साडू नेमका याच काट्यांविषयी बोलत होता.

त्याच संध्याकाळी साहेबांची पँट पुरी झाली. मास्तरांची एक पद्धत होती. कपडा शिवून झाला की तो उलटा करायचा, आतली खडूची भुकटी आणि तुटके दोरे ब्रशनं झाडायचे, मग सुलटा करून इस्त्री. पँट असेल तर बैठकीवर चार हात जास्तच फिरवायचे, कारण माणूस पँट घालतो ती मुख्यतः बसायला, असं त्यांचं मत होतं. साहेबांच्या पँटच्या बैठकीवर तर त्यांनी आठ हात फिरवले. साहेबांनी ती दुकानात घालून बघितली, आरशापुढे ताठ उभे राहिले, मान हलवली आणि घेऊन गेले. बसले मात्र नाहीत.

शनिवारी समारंभाचं बोलावणं मास्तरांनाही होतं. त्यांनी आपली चांगली पँट काढली, उलटी करून ब्रशनं झाडली, घातली आणि बूट चढवायला स्टुलावर टेकले. टेकले आणि उठले. पुन्हा टेकले, पुन्हा उठले. तिसऱ्या खेपेला त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून बायको मधल्या दारातून पुढे आली.

तिनं पँट काढायला लावली, चष्मा चढवला आणि ती खिडकीपाशी उजेडात धरली, तर आत बारीक तपकिरी काटे चमकत होते. मग टेबलावरच्या फड्यांकडे पाहिलं. ते गुळगुळीत होते. मग खुंटीवरच्या ब्रशकडे पाहिलं. तो गुळगुळीत नव्हता.

"अहो, तुम्ही निवडुंग विंचरलात?"

"विंचरला नाही. साफ केला."

"आणि मग याच ब्रशानं साहेबांची…"

मास्तर अर्ध्या चड्डीत उभे होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपला एक कपडा परत येताना दिसत होता. नुसता परत नव्हे, भर सभेतून.

जुनी पँट अंगात घालून, चिमटा आणि चिकटपट्टीचं भेंडोळं खिशात कोंबून ते धावत सुटले. मागोमाग बायको. कचेरीच्या सभागृहाच्या दारात साहेब पाहुण्यांचं स्वागत करत उभे होते, हसतमुख, अजून न बसलेले. मास्तरांच्या जिवात जीव आला. ते थेट पुढे गेले आणि धापा टाकत म्हणाले, "साहेब, जरा पँट काढता का?"

टंकलेखन विभागातल्या दोघीजणी पुष्पगुच्छ घेऊन तिथेच उभ्या होत्या. त्यांनी पुष्पगुच्छ तोंडापुढे धरले.

"दोनच मिनिटं," मास्तर म्हणाले. "उंचीत सूतभर फरक वाटतोय."

"मास्तर, उंची उत्तम आहे."

"मग शिवणीत असेल."

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, कलावंत माणसाचं समाधान कधी होतच नाही असं काहीतरी सौजन्यानं बोलले आणि मंचाकडे चालू लागले. मास्तर पहिल्या रांगेत कसेबसे बसले. त्यांनी डोळे मिटून घ्यायचं ठरवलं, पण मिटवेनात.

साहेब खुर्चीत बसले. क्षणभर काही झालं नाही. मग त्यांच्या भुवया हळूहळू वर गेल्या. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, जरा सरकून पाहिलं, आणि सरकणं ही चूक होती. नेमका त्याच वेळी शिपाई पाण्याचा पेला घेऊन मंचावर आला. साहेब ताडकन उठून उभे राहिले.

सभागृह चाट पडलं. ज्या माणसानं इतक्या वर्षांत या शिपायाला मान वर करून पाहिलं नव्हतं, तो त्याच्यासाठी उभा राहिला होता. शिपायाच्या हातातला पेला हिंदकळला. साहेब बसले. निवेदिका माइकपाशी आली. साहेब पुन्हा उभे. हिशेबनिसाचं नाव पुकारलं गेलं, साहेब उभे. लिफ्टवाला दिवे लावायला मंचाच्या मागच्या बाजूनं गेला, तर साहेब मागे वळून उभे. इकडे मास्तरांना बसवेना. साहेब उठले की तेही उठत, जणू काटे त्यांनाच टोचत होते. बायकोनं बाही ओढून ओढून त्यांची शिवण उसवली. पण पहिल्या रांगेतला माणूस उठतोय म्हटल्यावर मागच्यांना वाटलं, आपणही उठायचं असेल. मग सगळं सभागृहच उठू लागलं, बसू लागलं. थोड्या वेळानं कोण कुणाच्या मानासाठी उठतंय हेच कुणाला कळेना.

शेवटी साहेब भाषणाला उभे राहिले. त्यांनी खिशातून भाषणाच्या कागदांचा जाडजूड गठ्ठा काढला आणि लोक खुर्च्यांमध्ये खाली घसरून पाय लांब करून बसले. पण काटे आता उभ्या माणसालाही सोडायला तयार नव्हते. साहेबांनी पहिल्या कागदाकडे पाहिलं, त्यांचा ओठ थरथरला, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"मित्रहो," ते म्हणाले. बराच वेळ पुढे काही नाही. "मला सगळ्यांचे आभार मानायचे आहेत. सगळ्यांचे. एकदम."

आणि त्यांनी गठ्ठा खिशात घातला, नमस्कार केला आणि बाजूच्या दारानं झपाझप निघून गेले.

मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. हेडक्लार्क, जो साहेबांच्या जाण्याचे दिवस मोजत होता, तो रुमालात तोंड खुपसून म्हणाला, "आपण या माणसाला ओळखलंच नाही हो." टंकलेखन विभागातल्या दोघीजणी रडत होत्या. एकटे मास्तर टाळ्या वाजवत नव्हते. ते दाराकडे बघत होते.

पुढचे काही आठवडे मास्तरांनी फार वाईट काढले. दारात कुणाची सावली पडली की त्यांची सुई बोटात जाई. माप घेताना ते आपलं नेहमीचं वाक्य म्हणेनासे झाले. ब्रश बायकोनं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला होता. खपली धरलेले फडे तिनंच एका कुंडीत रेताड माती घालून उभे केले आणि खिडकीच्या ठिबक न लागणाऱ्या कोपऱ्यात ठेवले. मास्तर त्या खिडकीकडे पाठ करून बसत. त्या फड्यांची त्यांना इतकी लाज वाटे की पाणी सोडा, त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

आणि एके दिवशी साहेब आले. हातात पिशवी होती. पिशवीतून गडद निळी लोकर दिसत होती.

"बसा, साहेब," मास्तर सवयीनं म्हणाले आणि जीभ चावली.

"नको," साहेब घाईनं म्हणाले. ते उभेच राहिले. त्यांनी पँट टेबलावर ठेवली. आला, मास्तरांच्या मनात आलं, कपडा परत आला. एवढ्या वर्षांत जे झालं नाही ते झालं.

"साहेब, चूक माझीच आहे. मी त्या दिवशी त्या ब्रशानं…"

साहेबांनी हात वर केला. "काय होतं ते मला सांगू नका. मला ते कळायला नको आहे. डॉक्टरलाही मी विचारलं नाही." ते जरा घुटमळले. मग एवढा मोठा अधिकारी खाली मान घालून बोलू लागला. इतकी वर्षं ते भाषणं करत आले, पण मनापासून टाळ्या त्या एकाच दिवशी पडल्या. समारंभानंतर शिपाई घरी येऊन हात हातात घेऊन गेला. घरच्यांनी तर विचारलं, तुम्हाला एवढं मन आहे हे आम्हाला कधी का नाही सांगितलंत. नव्या कचेरीत पहिल्या भाषणाला ते मुद्दाम हीच पँट घालून गेले. पण मधल्या काळात ती तीनदा धुवून झाली होती.

"काहीच झालं नाही," साहेब म्हणाले. "मजेत बसलो. मजेत बोललो. लोक झोपले."

त्यांनी पँट मास्तरांपुढे सरकवली.

"पुढल्या महिन्यात वार्षिक सभा आहे. तशीच एक शिवून द्या. अगदी तशीच."

मधल्या दारातून बायको म्हणाली, "देऊ की. आठवडाभर लागेल."

साहेब समाधानानं निघून गेले. पँट टेबलावर राहिली होती, पण ती नमुन्यासाठी. परत आलेली नव्हती. हे मास्तरांच्या हळूहळू ध्यानात आलं आणि त्यांची पाठ ताठ झाली.

"अगं, पण आठवडा कशाला? पँट दोन दिवसांत होते."

बायकोनं नुसतं खिडकीकडे बोट केलं. मास्तरांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिकडे पाहिलं. तिन्ही फडे ताठ उभे होते आणि मधल्याच्या डोक्यावर बोटाएवढा कोवळा हिरवा फडा फुटला होता. मास्तरांनी हात पुढे केला. बायकोनं तो वरच्या वर धरला आणि दुसऱ्या हातानं बहिणीच्या घरी फोन लावला.

"भावोजी, अजून फडे मिळतील का? नाही, ते मेले नाहीत. जगले. तिन्ही जगले, ह्यांच्या हातचे." ती मास्तरांकडे पाहून हसली. "घरात लावायला नकोत हो. शिवणकामाला हवेत."