एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं

पुन्हा पळायला सुरुवात करायची हे मंगळवारी ठरलं, आणि मनिषाला सांगायचं नाही हेही मंगळवारीच ठरलं. पहिला निर्णय डॉक्टरांचा होता, दुसरा माझा स्वतःचा. (पुढचं सगळं दुसऱ्या निर्णयामुळं झालं, हे आधीच कबूल करून टाकतो.)

मी उत्तरेश्वर. वय सेहेचाळीस. नेकनूरच्या एका शाळेत कनिष्ठ लिपिक. दोन वर्षांपूर्वी मी बीडला दहा किलोमीटरची शर्यत पूर्ण केली होती. माझ्या मागं तिघंच होते आणि त्यातला एक अँब्युलन्सचा ड्रायव्हर होता, पण पूर्ण केली होती.

मग गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. पळताना तुटलं असतं तर चारचौघांत सांगायला तरी बरं वाटलं असतं. शाळेत स्टाफचा ग्रुप फोटो चालला होता. मी मागच्या रांगेत, बाकावर उभा. फोटोग्राफर म्हणाला, "मागचे साहेब, जरासं मागं सरका." मी सरकलो. तो फोटो मुख्याध्यापकांच्या खोलीत अजून लावलेला आहे. त्यात माझ्या जागी आभाळ आहे.

ऑपरेशन, पट्टा, कुबड्या, काठी असं करत चौदा महिने गेले. मनिषा, म्हणजे माझी बायको, गावात आशा कार्यकर्ती आहे. गावभरच्या लसी आणि बाळंतपणं बघून ती घरी यायची आणि माझा गुडघा शेकायला बसायची. पहिले दोन महिने तर बाथरूमपर्यंत मला तीच धरून न्यायची. त्यामुळं मी पळण्याचा विषय काढला की ती हातातलं लाटणं थांबवून एवढंच म्हणायची, "परत पडलाव तर मी उचलणार न्हाई. सांगून ठिवते."

मंगळवारी बीडला तपासणीला गेलो. फिजिओथेरपीच्या प्रियदर्शनी मॅडमनी (वय असेल अठ्ठावीस, मला काका म्हणतात) पाय वाकवला, ताणला, दाबला आणि म्हणाल्या, "काका, आता पळायला हरकत नाही. पण एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. असं सहा वेळा. जास्त हौस करायची नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडमना वाटलं दुखलं, म्हणून त्यांनी आणखी एकदा दाबून बघितलं. मग खरंच दुखलं.

बुधवारी सकाळी सहाला मी दुधाची किटली उचलली. "बजरंगच्या मळ्यातून दूध आणतो," असं सांगितलं. बूट आदल्या दिवशीच खिडकीतून बाहेर टाकून ठेवले होते. मोबाईल मुद्दाम चार्जिंगला लावून ठेवला. तिचा फोन आला आणि तिला माझी धाप ऐकू आली तर पंचाईत. हातात घड्याळ होतं, तेवढं पुरे.

बीडच्या रस्त्याला लागलो आणि पहिलं मिनिट पळालो. काय सांगू! वारा लागला, किटली वाजली, गुडघा गप्प राहिला. साठ सेकंद झाले आणि मी नियमाप्रमाणे थांबलो.

समोरून मोहनराव येत होते. मोहनराव म्हणजे गावचे माजी सरपंच. त्यांना सकाळी फिरण्यापेक्षा सकाळी विचारण्याचा व्यायाम जास्त होतो.

"उत्तरेश्वर, कावून पळायलास बे? काय झालं?"

"काही न्हाई अण्णा, व्यायाम."

"किटली घिऊन?"

"दुधाला चाललोय."

"मग व्यायाम करायलास का दुधाला चाललास?"

"दोन्ही."

मोहनराव विचारात पडले आणि उलटे फिरून माझ्याबरोबर चालायला लागले. म्हणाले, "बरं झालं भेटलास. माझ्या नातीच्या दाखल्यावर जन्मतारीख..." तेवढ्यात माझी दोन मिनिटं संपली. मी पळालो. मागून हाक आली, "आरं, नुसतं इचारलं की! पळून कावून जायलास?"

थांबून समजावणं शक्य होतं. पण चौदा महिन्यांनी मिळालेलं मिनिट कोण वाया घालवतं?

पळण्याच्या तिसऱ्या मिनिटाला केजकडून बीडला निघालेली एसटी मला ओलांडून पुढं गेली आणि करकचून ब्रेक लावून थांबली. एवढंच नाही, ती मागं यायला लागली. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. "थांबा, थांबा! तो माणूस पळायलाय!" माझे अजून अठरा सेकंद बाकी होते. मी ठरवलं, बसच्या बाजूनं पळत पुढं निघून जायचं आणि हातानं 'जा' म्हणायचं. पण दारापाशी पोचलो तेव्हा कंडक्टरनं माझा दंड धरला आणि आत ओढलं. डबल बेल वाजली.

बोलायला गेलो तर तोंडातून नुसती हवा येत होती. एका म्हातारीनं, सुंदरबाई नाव तिचं, सरकून जागा दिली. तिची नजर माझ्या किटलीवर गेली, मग गुडघ्याच्या पट्ट्यावर, मग तोंडावर.

"कोन दवाखान्यात हाय रं बाबा?"

मी धाप टाकताना मान वरखाली करत होतो. तिनं त्याचा अर्थ 'हो' असा घेतला.

"मालकीण का?"

मी दम घ्यायला पुन्हा मान हलवली.

"आगं माय!" सुंदरबाईनं तोंडाला पदर लावला. "लेकरू एवढ्या सकाळी दूध घिऊन पळत निघालंय." दोन बायका हळहळल्या. सुंदरबाईनं मनिषासाठी दोन केळी दिली. कंडक्टर ड्रायव्हरला म्हणाला, "जरा दाबून घ्या, सीरियस हाय."

मागच्या सीटवर आमच्या गल्लीतला पप्पू होता. तो बीडला स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला जातो. त्यानं माझं तिकीट आधीच काढलं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे माझ्या हातात नुसती किटली बघून, घरी कुणाला तरी कळवावं म्हणून त्यानं माझ्या मोबाईलवर फोन लावला होता. घरी चार्जिंगला लावलेल्या.

"हॅलो, कोन बोलतंय?... वहिनी? तुमी कुठं ॲडमिट हाव?... म्हंजी? घरी? मग दवाखान्यात कोन हाय?... न्हाई न्हाई, भाऊसाहेब बसमधी हायेत... हो, बीडला चाललेत... लंगडत चढले, घामानं भिजलेत, बोलायला येईना त्यास्नी, नुसती मान हालवायलेत..."

मी उठून "पप्पू, फोन दे!" असं म्हणालो. म्हणजे म्हणायचं होतं. बाहेर आलं ते "फ... फ..."

"फफ करायलेत वहिनी," पप्पू म्हणाला आणि रेंज गेली.

मांजरसुंब्याला बस थांबली तोवर मला श्वास सापडला होता. मी सगळ्यांना उभं राहून सांगितलं, की कोणी आजारी नाही, डॉक्टरांनी पळायला सांगितलं होतं म्हणून पळत होतो. सुंदरबाईनं माझ्या हातातली केळी परत घेतली.

पप्पूच्या फोनवरून घरी लावला, तर कोणी उचलेना. मी खाली उतरलो आणि नेकनूरकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला किटली घेऊन उभा राहिलो. वीस मिनिटांनी बजरंगची मोटारसायकल आली, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकलेले आणि मागं मनिषा. गाडी पुरती थांबायच्या आत तिनं उडी मारली आणि माझ्याकडं पळत आली.

"हसा!"

"काय?"

"हसा म्हणते ना! तोंड वाकडं होतंय का बघू द्या!"

मी हसलो. वेळ हसण्याची नव्हती, तरी हसलो.

"दोन्ही हात वर करा. आता म्हणा, मी नेकनूरला राहतो."

"मी नेकनूरला राहतो," मी हात वर करून, एका हातात किटली धरून म्हणालो. रस्त्यावरचा एक टपरीवाला चहा गाळायचा थांबला.

मग मनिषाचं लक्ष माझ्या बुटांकडं गेलं. मी सगळं सांगितलं: मॅडम, सहा वेळा, खिडकी, मोहनराव, एसटी. बजरंग तोंड फिरवून कॅनची झाकणं घट्ट करत बसला होता.

"पळलाव तेचा राग न्हाई," ती शेवटी म्हणाली. "पॅरालिसिसच वाटला मला. वाटंनं सारखं तेच डोळ्यापुढं यायलतं. चौदा महिने मी धरून चालवलं तुमाला, आन् पळायच्या दिवशी मलाच चोरून गेलाव?"

मी म्हणालो, "चुकलं."

"गुडघा दुखतोय का?"

"न्हाई."

"न्हाई ना?" आणि ती रडायला लागली. चौदा महिन्यांत ती पहिल्यांदाच रडली असावी. निदान माझ्या देखत.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. मनिषाचं म्हणणं असं की नियम मॅडमचा, पण घड्याळ तिच्या हातात राहील. तिनं पायात रोजच्या चपला घातल्या होत्या, साडीचा पदर खोचला होता आणि खांद्याला आशा कार्यकर्तीची पिशवी होती. परत येताना दोन बाळंतिणी बघायच्या होत्या.

"चला, पळा," ती म्हणाली.

मी पळालो. छाती पुढं, कोपर आत, श्वास नाकानं, अगदी शर्यतीत पळालो होतो तसा. मनिषा शेजारून चालत होती. रोज गावातून घरोघर चालते तशीच. अर्ध्या मिनिटानं मी जोर वाढवला. तरी ती शेजारीच होती, घड्याळाकडं बघत. चाळीस सेकंदांना ती एक पाऊल पुढं गेली.

रस्त्याकडेच्या शेतात विमलबाई कापूस वेचत होत्या. त्यांनी मान वर करून आमच्याकडं नीट बघितलं आणि मोठ्यानं ओरडल्या,

"मनिषा, जरा हळू चाल की गं! तुझ्यासंगं यायला त्यास्नी पळावं लागायलंय!"