छकुलीच्या भट्टीचा लाल डाग

भट्टी आठ दिवसांत बंद करा, अशी नोटीस छकुलीला आली आणि खाली सही होती तिच्या सख्ख्या भाऊजींची. छकुली पन्नाशीची, स्वतःची बेकरी चालवणारी बाई. पण घरात धाकटी, म्हणून अजून छकुलीच. पिठाच्या हातांनी ती तडक बहिणीच्या घरी थडकली.

भाऊजी पीक-तपासणी कार्यालयात साहेब होते. धुरामुळे कुठलं पीक आजारी पडलंय, हे उपग्रहाच्या फोटोवरून ओळखायचं त्यांचं काम. खरं तर ओळखायचा त्यांच्या हाताखालचा तज्ज्ञ; पण तो रजेवर होता आणि भाऊजींचा आत्मविश्वास कामावर. त्यांनी जेवणाच्या टेबलावर फोटो पसरला. सगळी शेतं निळसर, फक्त छकुलीच्या धुरांड्याशेजारचा पालक लालभडक.

"बघ, गोवर आल्यासारखा झालाय बिचारा."

"भाऊजी, हिरवागार आहे तो. मी रोज बघते."

"तू जमिनीवरून बघतेस," भाऊजी समजुतीने म्हणाले, आणि अहवालात त्यांनी लिहिलं की पीक मेलेलं आहे, फक्त त्याला अजून कळलेलं नाही.

शेवटी ताईनेच तज्ज्ञाला फोन लावला. तो म्हणाला, हा कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा उजेड टिपतो. त्याच्या फोटोत लाल म्हणजे ठणठणीत आणि निळसर म्हणजे मरतुकडं.

भाऊजींनी फोटो पुन्हा जवळ ओढला. छकुलीला वाटलं, सुटले बाई.

"म्हणजे सगळीकडे मरतुकडं, आणि तुझा धूर पोचतो तिथेच ठणठणीत," भाऊजी हळूच म्हणाले.

छकुलीने परोपरीने सांगितलं की तिच्या ट्रे धुतलेल्या पाण्यावर तो पालक पोसलाय. पण पाणी फोटोत दिसत नव्हतं. धुरांडं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊजींच्याच सहीचा नवा हुकूम आला. पिकांच्या हितासाठी भट्टी अखंड पेटती ठेवावी, एकही सुट्टी घेऊ नये. आसपासच्या शेतकऱ्यांनी धूर आपल्याकडे वळवून मिळावा म्हणून अर्ज केले. कुणी तर छकुलीला फुंकर मारायची दिशाही सुचवली.

दहाव्या दिवशी छकुली उभ्या उभ्या पेंगायला लागली. तेव्हा तिने हुकूम पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. धूर थांबल्यास सही करणारा अधिकारी जबाबदार राहील, असं तळाला बारीक अक्षरात होतं. तिने भाऊजींना बोलावलं, त्यांच्या हाती फावडं दिलं आणि ताईकडे जाऊन भर दुपारी पांघरूण घेऊन झोपली.

तासाभराने भाऊजींचा फोन आला. खोकत खोकत ते म्हणाले, "छकुले, ही भट्टी बंद कशी करायची गं?"

"त्याला साहेबांची परवानगी लागते, भाऊजी," छकुली म्हणाली आणि कूस बदलून परत झोपली.