विंध्यची सोयरीक

झाशीच्या मराठी मंडळींना गाडी घ्यायची असली की ते मला विचारतात. विचारत नाहीत तेव्हा मी आपणहून सांगतो. माझं उत्तर इतक्या वर्षांत बदललेलं नाही. गाडी घ्यावी तर आपल्या देशातल्या कंपनीची, आणि त्यातही घ्यावी तर विंध्य.

विंध्य मोटर्स कधीच बंद पडली, असं यावर कोणीतरी म्हणतंच. पडली असेल. कंपनी बंद पडली, गाडी नाही. हा फरक समजायला थोडी निष्ठा लागते. माझी विंध्य अजून दारात उभी आहे. "उभीच आहे," असं माझी बायको कांचन म्हणते, ते ज्या सुरात म्हणते त्याकडे मी लक्ष देत नाही.

माझे साडू रामकृष्णराव मात्र परदेशी कंपनीची गाडी वापरतात. पांढरी, गुळगुळीत, आत बसलं की दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. किल्ली फिरवावी लागत नाही, बटण दाबायचं. समोर काही आडवं आलं तर गाडी स्वतःच ब्रेक लावते. मी त्यांना एकदा म्हटलं, "रामकृष्णराव, मग तुम्ही आत कशाला बसता?" ते रेल्वेत आहेत, त्यांना अशी बोलणी रोज ऐकावी लागतात. हसले.

रामकृष्णराव भुसावळहून बदली होऊन आलेले. आम्ही मूळचे झाशीचे. मूळचे म्हणजे, आमचे पूर्वज अडीचशे वर्षांपूर्वी रत्नागिरीकडून इथे कारकुनी करायला आले आणि राहिले. बडा बाजारातले दुकानदार आम्हाला अजून "आप लोग तो महाराष्ट्र के हैं" म्हणतात, आणि पुण्याचे नातेवाईक "तुम्ही यूपीवाले" म्हणतात. त्यामुळे देशी कोण आणि परदेशी कोण, याबाबत माझी मतं साहजिकच फार ठाम आहेत.

"बाबा," आमची शर्वरी एकदा म्हणाली, "काकांची गाडी चेन्नईजवळ बनते. और आपकी विंध्य का इंजिन जपानी होता. मग देशी कोणती?"

"इंजिन कुठलं हे महत्त्वाचं नाही," मी म्हणालो. "संस्कार कुठले, ते बघायचं."

एवढी प्रस्तावना अशासाठी की शर्वरीचं लग्न या विंध्यमुळे जमलं. मोडायची वेळही हिच्यामुळेच आली.

कॉलेजात असल्यापासून शर्वरीच्या मनात नचिकेत होता. मुलगा गरौठ्याचा, आपल्यातलाच, घर आमच्यासारखंच जुनं. अडचण एकच, त्याचे आजोबा मार्तंडराव. त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा, आणि ते माझ्यापेक्षाही कट्टर विंध्यवाले. आधी सांगून आलेल्या एका मुलीचा बाप परदेशी गाडीतून उतरला, तर त्याला त्यांनी चहा पाजून त्याच गाडीत परत बसवलं होतं. शर्वरीचं नाव निघालं तेव्हा त्यांनी पत्रिका मागितली नाही. मुलीच्या वडिलांकडे गाडी कुठली, एवढंच विचारलं.

"विंध्य," नचिकेत म्हणाला. "चालू."

दुसरा शब्द त्याने स्वतःच्या जबाबदारीवर घातला होता.

आजोबांचा निरोप आला. रविवारी या, बोलणी पक्की करू, आणि विंध्यनेच या.

"बाबा, प्लीज," शर्वरी म्हणाली. मुलगी सहसा काही मागत नाही. "उस दिन बंद मत पड़ने देना."

"माझी गाडी बंद पडत नाही. विसावते."

"उस दिन विसावायचं नाही."

रविवारी सकाळी बॅटरी उतरलेली होती, पण विंध्य गल्लीतल्या चौघांनी ढकलल्यावर लगेच सुरू झाली. मी, कांचन आणि शर्वरी निघालो. कांचनने मला न विचारता तिच्या मेहुण्यांना फोन केलेला होता, त्यामुळे मागून रामकृष्णराव त्यांच्या पांढऱ्या गाडीतून येत होते. "फक्त मिठाईचे डबे आणतोय," ते म्हणाले. मिठाईच्या दोन डब्यांसाठी अख्खी गाडी! मी त्यांना गरौठ्याच्या अलीकडे देवळामागे थांबा, पुढे दिसू नका, एवढंच बजावलं.

गुरसरायपर्यंत विंध्य अशी धावली की मी कांचनकडे दोनदा बघितलं. तिने दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघितलं. गुरसराय मागे पडलं, दोन्हीकडे वाटाण्याची शेतं आली, आणि बॉनेटखालून पाटावर वाटी आपटावी तसा आवाज झाला. मग काहीच आवाज होईना.

"विसावली?" कांचनने विचारलं.

मी खाली उतरून बॉनेट उघडलं. पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नव्हतं, म्हणजे फ्युएल पंप गेला होता. विंध्यचा फ्युएल पंप आता भारतात कुठेच मिळत नाही. मी पंपाकडे बघत राहिलो, तेवढ्यात एक ट्रॅक्टर शेजारी थांबला.

"का हो गओ, दद्दा?"

"कुछ नहीं भैया, इंजन ठंडा कर रहे हैं."

त्याने गाडीकडे बघितलं. "जा गाड़ी? ऐसी गाड़ी तो हमाए कक्का के ब्याव में आई ती." काकाच्या लग्नातली आठवण सांगून तो गेला.

रामकृष्णराव येऊन उभे राहिले. "बसा माझ्या गाडीत. वीस मिनिटांत पोचू."

"तुमच्या गाडीतून उतरलो तर चहा पिऊन परत यावं लागेल."

शर्वरी रस्त्याच्या कडेला उभी राहून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. लहानपणी परीक्षेच्या निकालाच्या दिवशी ती असंच करायची. रामकृष्णरावांनी तिच्याकडे बघितलं, डिकी उघडली आणि आतून जाड, नवा कोरा दोर काढला.

"बघा," मी म्हणालो, "परदेशी गाडीला दोर जवळ ठेवावा लागतो."

"हा माझ्या गाडीसाठी नाही घेतला," ते शांतपणे म्हणाले. "तुमच्यासाठी घेतलाय. दिवाळीपासून डिकीत आहे."

देशी गाडी परदेशी गाडीच्या मागे दोराने बांधून निघाली. मी स्टिअरिंगवर ताठ बसलो होतो. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की मी त्या पांढऱ्या गाडीचा पाठलाग करतोय. हे सगळं सुरळीत पार पडलं असतं, पण एक म्हैस आडवी आली. पांढऱ्या गाडीने तिला बघितलं आणि स्वतःच ब्रेक लावला. मी म्हैस बघितली, पांढरी गाडी थांबलेली बघितली आणि ब्रेक दाबला. इंजिन बंद असताना विंध्यचे ब्रेक फक्त मत मांडतात.

धाड.

परदेशी गाडीचा मागचा दिवा फुटून रस्त्यावर पसरला. बंपरला कढईएवढा खड्डा पडला. विंध्यला ओरखडासुद्धा नाही.

"याला म्हणतात लोखंड," मी खाली उतरून म्हणालो.

"भावजी," कांचन रामकृष्णरावांना म्हणाली, "यांना इथेच सोडून जाऊ या का?"

रामकृष्णराव फुटलेल्या दिव्याचे तुकडे वेचत होते. "शर्वरीचं लग्न होऊ दे," ते म्हणाले. "मग बोलतो."

मार्तंडरावांचं घर उताराच्या तळाशी आहे, हे शर्वरीने नचिकेतकडून फोनवर काढून घेतलं. बेत सोपा होता. उताराच्या माथ्यावर पांढरी गाडी थांबवायची, तिच्या मागचा दोर सोडायचा आणि विंध्यने इंजिनाशिवाय घरंगळत अंगणात जायचं. नचिकेत फाटक उघडून ठेवणार होता. रामकृष्णराव देवळामागे थांबणार होते.

विंध्य उतरली. मोटारीतून मी आजवर इतका शांत प्रवास केलेला नाही. फाटकातून आत शिरलो, तुळशीवृंदावन चुकवलं आणि भुशाच्या ढिगात हलकेच थांबलो. समोर पांढरं धोतर, काठी, कपाळाला गंध. मार्तंडराव.

त्यांनी गाडीला एक फेरी मारली. डोळे भरून आले होते.

"काय इंजिन ठेवलंय, अजयराव. आवाजच येत नाही."

"रोज काळजी घ्यावी लागते," मी म्हणालो. मागे कांचनला खोकल्याची उबळ आली.

सगळं जमलं होतं. पण मिठाईचे डबे रामकृष्णरावांच्या गाडीत राहिले होते, आणि रिकाम्या हाताने बोलणी कशी करायची, म्हणून कांचनने त्यांना फोन केला. बिचारे सभ्यपणे डबे द्यायला आले. गाडी घेऊन आले. फुटका दिवा, चेपलेला बंपर, सगळं घेऊन.

"हे कोण?" मार्तंडरावांचा आवाज बदलला.

शर्वरीचा चेहरा उतरला. माझ्या तोंडून जे बाहेर पडलं, त्यावर माझा ताबा नव्हता.

"आमचे साडू. गुरसरायपुढे यांची गाडी बंद पडली. परदेशी आहे ना. मग विंध्यने देवळापर्यंत ओढून आणली. आत्ता कुठे सुरू झाली."

रामकृष्णरावांनी डबे छातीशी धरले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, शर्वरीकडे बघितलं आणि मान हलवली. "हो," ते म्हणाले. "फार उपकार झाले."

रेल्वेत नोकरी करणाऱ्या माणसाकडे किती सहनशक्ती असते, हे मला त्या दिवशी कळलं.

मार्तंडराव काठी टेकत विंध्यच्या पुढे गेले. खाली वाकले. दोर विंध्यच्या पुढच्या हुकाला बांधलेला होता, आणि त्याचं दुसरं टोक भुशात लोळत होतं.

"दोर पुढे कसा?"

"विंध्य रिव्हर्समध्ये जास्त जोर लावते," मी म्हणालो.

"म्हणजे गुरसरायपासून तुम्ही उलटे आलात?"

"सावकाश आलो."

नचिकेत आकाशाकडे बघत होता. मार्तंडरावांनी काठीने दोराचं टोक उचलून बघितलं. मग म्हणाले, "अजयराव, तुम्ही एकटेच माझ्याबरोबर मागे या. गोठा दाखवतो."

मी त्यांच्यामागून गेलो. परत कसं जायचं, शर्वरीला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. गोठ्यात दोन म्हशी होत्या आणि त्यांच्या पलीकडे ताडपत्रीखाली काहीतरी झाकलेलं होतं. मार्तंडरावांनी ताडपत्री ओढली. विंध्य. माझ्या गाडीसारखीच, त्याच रंगाची. दाराच्या मुठीला वासरू बांधलेलं, मागच्या सीटवर सरकी पेंडीची पोती.

"अजयराव," ते खाली बसत म्हणाले, "विंध्यला रिव्हर्स लागतच नाही. कंपनीतून आली तेव्हापासून लागत नाही. हे फक्त विंध्यवाल्याला माहीत असतं."

खरं होतं. गल्लीतून माझी गाडीही आम्ही नेहमी हातानेच मागे घेतो. मी मान खाली घातली.

"मला तिथेच कळलं की ओढून आणली ती तुमची," ते म्हणाले. "पण मी काय बोलू? ही माझी. सेल्फ स्टार्टर जळून किती वर्षं झाली, आठवत नाही. मी झाशीला बसने येतो आणि लोकांना सांगतो, गाडी सावलीत लावलीय."

"मग विंध्यनेच या, असा निरोप?"

म्हातारा इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "नचिकेत म्हणाला, मुलीकडे विंध्य आहे, चालू आहे. मला वाटलं, सोयरीक झाली की घरातलीच गाडी. तुमचा सेल्फ मागता येईल."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"तुमचा फ्युएल पंप कसा आहे?" मी विचारलं.

"पंप उत्तम आहे. का?"

"काही नाही. तुमच्याकडे विंध्य आहे असं ऐकलं, तेव्हा माझ्याही मनात थोडं असंच आलं होतं."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. इतक्या वर्षांत मला पूर्णपणे समजून घेणारा माणूस पहिल्यांदाच भेटत होता. एक सेल्फ आणि एक पंप, म्हणजे एक चालू विंध्य. आता प्रश्न एवढाच होता की कुणाची.

"मुलीकडच्यांनी द्यायची पद्धत असते," मार्तंडराव म्हणाले.

"तुम्ही हुंडा मागताय?"

"छे. सेल्फ मागतोय."

"पंप माझ्या गाडीत बसला तर मुलगी माहेरी लवकर येऊ शकेल."

"ती सासरी राहणार आहे. गाडी सासरी हवी."

आवाज चढत गेले तसे बाकीचे गोठ्यात येऊन उभे राहिले. नचिकेत आजोबांना समजावू लागला, कांचन मला. या गतीने ठरलेलं लग्न एका पंपावरून मोडणार असं दिसू लागलं. तेव्हा शर्वरी वासराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, सोपं आहे. ही गाडी इथे आहे आणि चालत नाही. आपली गाडी इथे आहे आणि चालत नाही. परत न्यायची तर ओढावी लागेल. काका, ओढाल?"

रामकृष्णरावांच्या हातात अजून दिव्याचा एक तुकडा होता. "नाही," ते म्हणाले. दिवसभरात त्यांनी पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं.

"मग झालं," शर्वरी म्हणाली. "आपली इथेच राहील."

मार्तंडरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरगी हुशार आहे," ते म्हणाले. "माझ्याकडून पक्कं."

लग्न मार्गशीर्षात आहे. गाडी त्या संध्याकाळीच सासरी राहिली. मी बॉनेटवर हळदकुंकू लावलं, किल्ली मार्तंडरावांच्या हातात दिली आणि सांगितलं की थंडीत जरा सांभाळून घ्या, सकाळी लवकर उठत नाही. मग बाहीने डोळे पुसले. फाटकाशी जाऊन मी दोनदा मागे वळून बघितलं.

"मुलीच्या वेळी एवढं रडता का, बघते," कांचन म्हणाली.

परत येताना मी रामकृष्णरावांच्या गाडीत मागच्या सीटवर बसलो. या गाडीत कधी बसणार नाही असं मी अनेकांना सांगितलेलं होतं, त्यामुळे मऊरानीपूरपर्यंत ताठ बसलो. मग एसीची झुळूक आली आणि पाठ थोडी टेकली. जाग आली तेव्हा गाडी झाशीच्या सदर बाजारात होती आणि माझ्या अंगावर कुणीतरी शाल घातलेली होती.

इथल्या मराठी मंडळात मी सांगितलंय की विंध्य सध्या गरौठ्याला आहे, नातेवाइकांच्या वापरात. तेवढं खरं आहे. बाकीचं कृपा करून रामकृष्णरावांना विचारू नका. ते सांगतात.