चावऱ्याचे गुण

डॉक्टरबाईंनी काचेतून पाहिलं. चावऱ्या भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि घमेल्यातलं खाणं ठेवलं तसंच होतं.

चावऱ्या म्हणजे प्रयोगशाळेतलं एक डुक्कर. डुकरांना पटापट आडवं करणाऱ्या तापाच्या विषाणूतून बाईंनी एक जनुक काढून टाकलं होतं. तेवढं काढलं की विषाणूचे दात पडतात, डुक्कर थोडंफार आजारी पडेल पण मरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. हे एक वाक्य खरं करण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. मूळ विषाणू दिलेली डुकरं तापाने फणफणत होती आणि बोळका विषाणू दिलेली उड्या मारत होती. एकटा चावऱ्या सोडून.

रोज प्रत्येकाला आजाराचे गुण द्यायचे. ताप आहे का, खातो का, उठतो का. इथे जास्त गुण मिळवणारा नापास. फारच वाढले, तर सुई देऊन कायमचं झोपवायचं.

"बाई, तुमच्या विषाणूला नवे दात फुटले की काय?" प्रयोगशाळेच्या साहेबांनी विचारलं.

"ताप नाही हो त्याला. रक्तातही विषाणू नावालाच आहे."

"मग खात का नाही?"

"ते आता त्यालाच विचारते."

"विचारा. सकाळपर्यंत उठला नाही तर सुई. आणि अहवालात लिहावं लागेल, जनुक काढून काही उपयोग झाला नाही."

पांढरा पोशाख, मुखवटा, हातमोज्यांवर हातमोजे असा जामानिमा करून बाई आत गेल्या. शेजाऱ्यांचे कान चावतो म्हणून चावऱ्याला भिंतीपलीकडे एकटं ठेवलं होतं. ती शिक्षाही बाईंनीच फर्मावलेली. आत फोन नेता येत नसे. बाईंचं त्यावाचून अडत नव्हतं. फोन करणारी एक मुलगीच, तीही रविवारी, इस्त्री करता करता.

बाई बादली पालथी घालून बसल्या.

"काय रे, रुसलास? मीही काल स्वयंपाक केला आणि झाकून ठेवला तसाच. एकटीसाठी कोण गरम करत बसतं?"

चावऱ्याचा एक कान हलला.

"रेडिओ लावते, तोही कुणीतरी बोलावं म्हणून. बातम्या संपल्या की तो निवेदक 'नमस्कार' म्हणतो. मी उलट 'नमस्कार' म्हणते. वेडी म्हण मला."

चावऱ्याने मान वळवली. बाईंना हुरूप आला.

"आणि साहेबांचं ऐकलंस ना? बैठकीत उघड्या डोळ्यांनी झोपतात! वर तो पिवळा टाय. कावीळ झालेल्या माणसाने तरी घालावा का?"

चावऱ्या उठला. बाईंच्या गुडघ्याला अंग घासून त्याने घमेल्यात तोंड घातलं आणि मचमच खायला लागला. बाईंचा मुखवटा आतून ओला झाला.

"बाई," छतातून साहेबांचा आवाज आला, "माइक चालू आहे."

डुकरांचा खोकला ऐकू यावा म्हणून तो माइक बाईंनीच भांडून बसवून घेतला होता.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही स्वयंपाक झाकून ठेवलात तेव्हापासून."

सकाळी भिंतीच्या जागी जाळी बसली. जाळीपलीकडून शेजारी हुंगायला आले आणि चावऱ्या इतका नाचला, की त्याला शून्य गुण पडले. बाईंचं वाक्य खरं ठरत होतं. ही बातमी मुलीला सांगावी, तर रविवार लांब होता.

दुपारी बाई कॅन्टीनमध्ये आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. ताट निवत चाललं होतं. तेवढ्यात समोर दुसरं ताट आलं. साहेब उभे होते. गळ्यात टाय नव्हता.

"भिंतीकडे तोंड, खाणं तसंच," ते म्हणाले. "किती गुण द्यायचे, डॉक्टरबाई?"

बाईंचे कान लाल झाले. "बसायचं तर बसा. पण सांगून ठेवते, मी कान चावते."

"माझे कालच चावून झालेत," म्हणत साहेबांनी खुर्ची ओढली आणि मिठाची डबी त्यांच्याकडे सरकवली.