सोपानरावांचा तळहात

सोपानराव कुठल्याही यंत्राला आधी हात लावत आणि मग तोंड उघडत. हात म्हणजे सबंध तळहात. मिक्सर असो, विहिरीवरची मोटर असो की कुणाची स्कूटर. तिच्या पाठीवर पंजा पसरायचा, डोळे मिटायचे आणि बाकीच्यांना गप्प करायचं. "थांबा जरा. त्येला सांगू द्या." मिनिटाभराने निकाल यायचा, "डावं बेरिंग गेलंय." उघडून पाहावं तर डावंच गेलेलं. तुमचे आजोबा वर्तमानपत्राआडून म्हणत, "सोपानराव, ताप किती आहे तेवढंही सांगून टाका." सोपानराव त्यावर कधी काही बोलत नसत. मला वाटे, मोठ्या मनाचा माणूस आहे, अपमान गिळतो.

ईशा, रोहन, परवा तुमच्या बाबांनी फोनवर विचारलं, "आई, तो जुना कॉम्प्युटर अजून माळ्यावरच आहे का गं? टाकून दे ना." टाकणार नाही. का टाकणार नाही, हे विचारणाऱ्याला दोन वाक्यांत सांगता येत नाही, म्हणून हे लिहीत बसले आहे.

सोपानराव मूळचे इंदापूरकडच्या कळसचे. घरात पूर्वी मेंढरं होती. लहानपणी अंधारातसुद्धा नुसत्या घंटीवरून कुठली मेंढी मागे राहिली ते ओळखत, असं ते सांगत. पुढे साखर कारखान्यात लागले आणि तीस वर्षं टर्बाइनपाशी उभे राहिले. निवृत्त झाल्यावर, बायको गेल्यावर, बारामतीला आमच्या मागच्या खोलीत राहायला आले. एकुलती एक लेक मंदा सांगवीला दिलेली. तिच्याकडे राहायला जात नसत. "लेकीच्या दारात बाप शोभतो व्हय?" एवढंच कारण देत.

बोलणं मोठ्याने, जणू आपण सगळे टर्बाइनच्या पलीकडे उभे आहोत. यंत्र 'बिघडलं' असं म्हणायचं नाही, 'रुसलंय' म्हणायचं. आणि एक विचित्र खोड होती. त्यांच्याशी बोलताना मी भाजी निवडायला मान खाली घातली की लगेच, "तोंड हिकडं करा, बाई." मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, वर्गातल्या मुलांना हेच वाक्य हजारदा ऐकवलं, आता या वयात ते मला ऐकावं लागत होतं.

त्यांच्या एका गोष्टीचा मात्र मला मनापासून राग होता. मागच्या खोलीत फोन नव्हता, म्हणून मंदाचा फोन आमच्याकडे येई. दर रविवारी सकाळी दहाला, सांगवीच्या बूथवरून. मी अंगणातून हाका मारायची, शेवटी दारात जाऊन उभी राहायची. सोपानराव पायरीवर बसलेले असत, आणि हलत नसत. "सांगा बरा हाय म्हणून. फोनवर काय बोलायचं? माणसाचं तोंड दिसत न्हाय त्यात." एका रविवारी माझा संयम सुटला. म्हटलं, "अहो, पोर घरचं सगळं आवरून बूथवर येऊन उभी राहते, आणि तुम्हाला दहा पावलं चालवत नाहीत? असा कसला ताठा हा?" ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बराबर हाय तुमचं, बाई." पण आले नाहीत ते नाहीतच. मी परत येऊन मंदाला सांगितलं, "बरे आहेत." पलीकडून ती म्हणाली, "आबा माझ्यावर रागावल्यात का वो, बाई?"

आता कॉम्प्युटरविषयी. तुमचे बाबा परदेशी जाताना तो आमच्या गळ्यात घालून गेले. पत्रं टाइप करण्यापलीकडे मला त्याचा उपयोग नव्हता, आणि तो मुका होता हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं. मग राखीपौर्णिमेच्या सुमारास एक जाड पाकीट आलं. आत चकाकती सीडी आणि बाबांची चिठ्ठी: 'दोघांचा आवाज भरून पाठवतोय. ईशा आता मराठीत पूर्ण वाक्यं बोलते.' ईशा, तू तेव्हा तीन वर्षांची होतीस. तुला आम्ही पाहिलं होतं ते पाळण्यात. तुझ्या तोंडून 'आजी' कसं येतं, ते आम्हा दोघांना ठाऊक नव्हतं.

सीडी आत घातली, बटण दाबलं. पडद्यावर आकडे पळू लागले आणि स्पीकरमधून काहीही आलं नाही.

बाबा फोनवर म्हणाले, "आवाजाच्या कार्डाचा ड्रायव्हर गेला असेल." मग समजावलं की ड्रायव्हर म्हणजे त्या कार्डाने कसं वागावं हे सांगणारी फाइल. ती त्यांच्या पुण्याच्या मित्राने फ्लॉपीवर पाठवली. पहिली फ्लॉपी टपालात वाकली. दुसरी दुसऱ्याच कार्डाची निघाली. तिसरी योग्य होती, पण ती घातल्यावर यंत्रांच्या यादीत आवाजाच्या नावासमोर एक पिवळं गोल उद्गारचिन्ह येऊन बसलं. जन्मभर मी मुलांना बजावलं की उद्गारचिन्ह जपून वापरावं. इथे ते रोज दुपारी माझ्याकडे डोळे वटारून बघत होतं.

सोपानराव रोज चारला येत. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं आणि मला यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी पडद्यावरचं वाचून त्यांच्याकडे तोंड करून मराठीत सांगायची, ते कॉम्प्युटरच्या पेटीवर पंजा ठेवून ऐकायचे. प्रत्येक एरर मी तारीखवार वहीत उतरवत होते. दुसरं काही हातात नसलं की मी वही घालते. दीड महिना हे चाललं. मध्येच वीज जायची, मग ती आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. खरं सांगते, मी थकले होते. चार वाजत आले की माझं डोकं आपोआप दुखायला लागे. एकदा म्हटलंसुद्धा, "सोपानराव, जाऊ द्या. आमच्या नशिबात नाही तो आवाज."

"आसं म्हणू नगा. पोरीचा आवाज हाय त्यो. हितं बसा आन् वाचा."

त्या दिवशी मी वाचलं की आतल्या प्रत्येक कार्डाला आपला वेगळा नंबर लागतो, आणि आवाजाच्या कार्डाने मागितलेला पाच नंबर मोडेमकडे आहे. मोडेम म्हणजे फोनच्या तारेतून ई-मेल आणणारं कार्ड. बाबांनी ते बसवलं होतं, पण त्यातून आजवर एक ओळसुद्धा आलेली नव्हती.

सोपानरावांची नजर माझ्या तोंडावर होती. "म्हंजी एकाच चारीवर दोघांनी दारं धरली?"

"काय?"

"आवो, कालव्याचं पानी. पाळी येकाची आसती. दुसरा बी त्याच टायमाला खोरं घिऊन हुबा ऱ्हायला तर पानी कुनाच्याच वाफ्यात जात न्हाय, नुसती भांडणं. त्या मोडेमला म्हणावं, तुझी पाळी म्होरल्या टायमाला."

"त्याला म्हणू कशी मी?"

"ते इंग्रजीत हाय, ते तुमी बघा."

मी बघितलं. शोधत शोधत मोडेमचा नंबर बदलला, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. उद्गारचिन्ह गेलं होतं. आणि स्पीकरमधून सुरू होतानाची ती 'टंऽऽ' अशी लांबलचक धून आली. मी खुर्चीतून उठलेच. सोपानराव माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. "वाजलं?"

"वाजलं ना!"

"मग काय तर," म्हणाले, आणि तेवढ्यात वीज गेली. ती त्या दिवशी परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी मी देवपूजेत असताना सोपानराव हळदकुंकू, झेंडू आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले. कारखान्यात ते खंडेनवमीला टर्बाइनची पूजा करत, आणि त्यात त्यांचा एक नियम होता. "वरून कुक्कू लावायचं ते सायबांनी. मिस्त्रीनं आत लावायचं." त्या नियमाने त्यांनी पेटी उघडली, आवाजाचं कार्ड उपसून काढलं, त्याच्या कडेला असलेल्या सोनेरी दातांना एकेक करून ओलं हळदकुंकू लावलं, नमस्कार केला आणि कार्ड परत जागेवर बसवलं. वर झेंडूचा हार.

मी हौसेने सीडी लावली. आकडे पळाले. आवाज नाही.

आजोबा म्हणाले, "देव पावला. पुन्हा मौन धरलं त्याने."

सोपानरावांचा चेहरा मला आजही दिसतो. पेटीवर एकदा हात ठेवून, हार तसाच सोडून ते मागच्या दाराने निघून गेले. दसऱ्याला सोनं द्यायलाही आले नाहीत. तिसऱ्या दिवशी चार वाजता दारात उभे. "बाई, पेन्शिलीचं खोडरबर हाय का?" मास्तरणीच्या घरात खोडरबराला काय तोटा? त्यांनी कार्ड मांडीवर घेतलं आणि हळदकुंकू वाळून बसलेला एकेक दात खोडरबराने घासायला लागले. लहान बाळाची नखं कापावीत इतक्या सावकाश. तासभर गेला. कार्ड बसवलं. त्यांनी उजवा पंजा स्पीकरवर ठेवला आणि मला मानेने खूण केली.

"आजी," आवाज आला. "आजी, माझ्या बुटाला दिवा आहे. मी चालते ना, तेव्हा लागतो. तुझ्या बुटाला दिवा आहे का?" मग खळाळून हसू, आणि मागून रोहन ओरडला, "आता माझी पाळी!"

आजोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मी हसत होते आणि डोळेही पुसत होते. सोपानरावांनी आमच्याकडे पाहिलं, मग तेही हसले. पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना आजोबा चहा टाकायला आत गेले. सोपानराव अजून तसेच, पंजा स्पीकरवर. त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, "बाई, काय म्हणली पोर?"

"म्हणजे? तुम्ही ऐकलंत ना?"

"वाजलं ते कळलं. हसली तेबी कळलं, हितं." त्यांनी तळहात माझ्यापुढे धरला. "शबुद येत न्हाईत हातात."

मी सीडी थांबवली.

"टर्बाइननं खाल्लं," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली, कायच येत न्हाय. तोंड दिसलं की वळखतो. कुनाला सांगू नगा, बाई. भैरा म्हणलं की कोण मशीन दावील मला? मग दिवसभर करायचं काय?"

वर्गात कमी ऐकू येणारी मुलं मी पहिल्या आठवड्यात ओळखून पुढच्या बाकावर बसवत असे. त्याचा मला अभिमान होता. आणि हा माणूस दीड महिना माझ्या पुढ्यात बसून, जो आवाज त्याला कधीच ऐकू येणार नव्हता, तो माझ्यासाठी शोधत होता. त्यालाच मी ताठ्याबद्दल बोलले होते.

मी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली, तोंड त्यांच्याकडे केलं आणि तुझं वाक्य सांगितलं, ईशा. माझ्या बुटाला दिवा आहे. तुझ्या बुटाला आहे का? सोपानराव एवढ्या जोराने हसले की आजोबा आतून धावत आले. त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं नाही.

रविवारी दहाला फोन वाजला. मी मंदाला म्हटलं, "थांब, ठेवू नकोस," आणि मागे जाऊन सोपानरावांच्या दंडाला धरून त्यांना घेऊन आले. ते मान हलवत होते, नको नको म्हणत होते. त्यांना फोनसमोरच्या स्टुलावर बसवलं, मी समोर बसले, रिसीव्हर माझ्या कानाला. मंदाला म्हटलं, "आबा समोर बसलेत. तू माझ्याशी नाही, त्यांच्याशी बोल. तू जसं म्हणशील तसंच मी म्हणेन." तिने 'बरं' म्हटलं. मग बोलली.

मी सोपानरावांना कायम 'अहो' म्हणत आले होते. त्यांनी माझ्या ओठांवर नजर लावली होती आणि एक पंजा फोनच्या काळ्या पाठीवर ठेवला होता. मी तिचे शब्द तिच्याच बोलीत, सावकाश म्हटले, "आबा, जेवलास का?"

"व्हय गं बाय," सोपानराव मला म्हणाले. "जेवलो."