काकूंच्या हसण्याची फेरतपासणी

ते हसू आपण सर्वांनी ऐकलेले आहे. आधी दाराची कडी वाजावी तसे खणखणीत, मग जिन्यावरून पातेले सुटावे तसे घरंगळत, घरंगळत, आणि शेवटी कुणीतरी ते पायाने अडवावे तसे एकदम बंद. लहानपणी शेजारच्या भिंतीतून ते आले की आई म्हणायची, "मालिका लागली गं, दूध बघ."

'भारदस्त संसार' या विनोदी मालिकेच्या पहिल्याच चित्रीकरणात ते निघाले. नायक म्हणाला होता, "आमची ही माहेरी गेली की घराची जमीन दोन बोटं वर येते." प्रेक्षक 'हसा' ही पाटी वर होण्याची वाट पाहत बसले होते. पहिल्या रांगेतली एक बाई पाटीच्या आधीच हसली. ती लेखकाची बायको होती. विनोद तिच्यावरच होता आणि हे सर्वांना ठाऊक होते. तीच हसली म्हटल्यावर सर्वांना हायसे वाटले. सभागृह गडगडले.

ध्वनिमुद्रकाने ते हसू कापून डबीत ठेवले आणि डबीवर लिहिले, 'काकू'. पुढे बायकोचे वजन, सासूची जीभ, मोलकरणीचे बोलणे, नवरीचा रंग, जिथे जिथे विनोद लंगडला तिथे तिथे काकूंची काठी देण्यात आली. लंगड्या माणसावरच्या विनोदालाही तीच.

मग काळ बदलला. वाहिनीला हे जरा उशिरा, जाहिरातदारांकडून कळले. मालिका पुन्हा दाखवायची होती, पण लोक आता असल्या गोष्टींना हसत नव्हते. निदान एकमेकांदेखत हसत नव्हते. सबब 'हास्य फेरतपासणी समिती' नेमण्यात आली. अध्यक्षबाई आयुष्यात कधीच हसल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल वाद नव्हता. त्यांच्या जोडीला समाजमनाचे एक सल्लागार होते.

समितीने प्रथम विनोद राखून हसणे काढले. प्रेक्षकांना वाटले, टीव्ही बिघडला. म्हणून रिकाम्या जागी जबाबदार खाकरणे भरण्यात आले. नायक म्हणे, "घराची जमीन वर येते," आणि अख्खे सभागृह खाकरे. लोकांना वाटले, साथ आली. आरोग्य खात्याने खुलासा मागवला. मग समितीने हसणे राखून विनोद काढले. आता नायक आत येई, चपला काढी, बसे, आणि लोक पोट धरून हसत. चपलांच्या कारखानदारांनी आक्षेप घेतला.

शेवटी सल्लागारांनी तोडगा काढला. ज्याच्यावर विनोद, त्याची हरकत नसेल तर तो विनोद निर्मळ समजावा. विनोद कुणावर? लेखकाच्या बायकोवर. हसले कोण? तीच. ठराव एकमताने झाला : हसणाऱ्या काकूंनी दुखावलेल्या काकूंची जाहीर माफी मागावी, दुखावलेल्या काकूंनी मोठ्या मनाने माफ करावे, आणि हसू मनापासूनचे होते असा निर्वाळा दोघींनी मिळून द्यावा.

लेखक आता म्हातारा झाला होता. रस्त्यात कुणी ओळखेना, म्हणून तो आपलेच संवाद म्हणून दाखवी. लोक वाट बदलत. निरोप आला तशी त्याने कपाटातला ठेवणीतला सदरा काढला.

"एवढं 'हो' म्हण गं," तो म्हणाला. "नाव येईल पडद्यावर."

"कुणाचं?"

"आपलं!"

"नाव तुमचं. माझं वजन."

लेखक खूश झाला. "बघ, अजून जमतं तुला! अगं, लोक काही का म्हणेनात. तू त्या दिवशी हसलीस ना, तेव्हाच मला कळलं की आपल्याला लिहिता येतं. त्या एका हसण्यावर जन्म काढला मी."

सदऱ्याची एक बाही उलटी राहिली होती. काकूंनी ती सुलटी केली आणि म्हणाल्या, "चला."

सभागृह तेच होते; खुर्च्यांचे कापड तेवढे बदललेले. ध्वनिमुद्रक लगबगीने पुढे आला. "काकू, इतकी वर्षं तुमचं हसू कापतोय, पण आवाजापेक्षा तुम्ही फारच बारीक निघालात हो!" काकूंना पहिल्या रांगेतच बसवण्यात आले, शेजारी लेखकाला. समोर समिती, मागे निमंत्रित प्रेक्षक, कोपऱ्यात जुनी पाटी.

"माफीचं नंतर बघू," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आधी निर्वाळा. त्या दिवशी आपण मनापासून हसलात ना?"

"नाही," काकू म्हणाल्या.

पाटी वर झालीही नव्हती, तरी सभागृह खदखदून हसले. सल्लागार डोळे पुसू लागले. अध्यक्षबाईंच्या तोंडूनही काहीतरी निसटले. सर्वांत मोठ्याने लेखक हसला, आणि सर्वांत आधी तोच थांबला. त्याने शेजारी पाहिले होते.

"ते वाक्य यांनी मला घरी ऐकवलं नव्हतं," काकू सावकाश म्हणाल्या. "इथंच ऐकलं पहिल्यांदा. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. रडले असते तर घरी समजूत घालायला तरी कोण होतं? माझी मीच. म्हटलं, हसले की माना परत पुढे वळवतील. वळवल्या."

"अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" लेखकाचा आवाज चिरकला.

"बोलणार कशी? तोंड उघडलं की पलीकडच्या घरातून माझंच हसू यायचं."

सल्लागारांनी वातावरण हलके करायला घेतले. "पण काकू, विनोद तसा साधाच होता हो. घराची जमीन आपली दोन बोटं..." आणि त्यांना पुन्हा हसू फुटले. मागे आणखी दोघातिघांना फुटले.

काकू उठल्या. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. समितीच्या, प्रेक्षकांच्या, आणि त्यांच्याही मागे, जिथे आपण बसलो आहोत तिथे.

"मी का हसले ते सांगितलं," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही का हसलात ते सांगा."